खोल समुद्रात जीवच नाहीत असं विद्वान सांगत होते तेव्हाची गोष्ट, आणि आपला अरबी समुद्र

सागरगोटा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत होतं ते आज एकदाचं टंकतोय. समुद्री जीवशास्त्राच्या इतिहासातला मला सगळ्यात जास्त खेचून घेणारा प्रश्न म्हणजे समुद्राच्या पार तळाशी कुणी राहतं का. आज शाळकरी पोरगंही हो म्हणेल, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपातली भलीभली माणसं ठामपणे नाही म्हणत होती, आणि तेसुद्धा उलटा पुरावा आधीच हातात येऊन गेलेला असताना.

एडवर्ड फोर्ब्ज हा या गोष्टीतला पहिला माणूस. जन्म १८१५, आयल ऑफ मॅन बेटावरचा. १८४१-४२ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या बीकन या सर्व्हेच्या जहाजावरून तो एजियन समुद्रात, म्हणजे ग्रीस आणि तुर्कस्तानच्या मधल्या पाण्यात फिरला आणि ड्रेज ओढत राहिला. ड्रेज म्हणजे लोखंडी चौकट आणि तिच्या मागे जाळीची पिशवी, ती तळ खरवडत जाते आणि जे लागेल ते पिशवीत जमा होतं. २३० वावांपर्यंत तो पोचला (एक वाव म्हणजे सहा फूट). जसजसं खोल जावं तसतशा जाती कमी, आकडा घसरत चाललेला, मग त्यानं ती रेघ तशीच पुढे ओढली आणि सांगितलं की ३०० वावांच्या खाली, म्हणजे साधारण ५५० मीटरच्या खाली, काहीच जगत नसणार.

लोकांना हे लगेच पटलं कारण ऐकायला ते पटण्यासारखंच आहे, खाली अंधार, गारठा, डोक्यावर पाण्याचा प्रचंड दाब, वनस्पती नाहीत, मग खाणार काय आणि जगणार कसं? पण १८१८ मध्येच ब्रिटिश आरमाराचा जॉन रॉस बॅफिनच्या उपसागरात खोली मोजत होता तेव्हा त्याच्या दोरीला गुंतून एक मोठा फांद्याफांद्यांचा तारामासा वर आला होता, नोंद हजार वावांच्या आसपासची. ते काही फार कुणी मनावर घेतलं नाही. वर येताना मधेच कुठेतरी अडकला असेल म्हणून सोडून दिलं.

मग १८६० उजाडलं आणि त्या एका वर्षात दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे सार्डिनिया ते अल्जीरियाचा किनारा अशी समुद्राखालून टाकलेली तारायंत्राची केबल तुटली होती ती फ्लीमिंग जेंकिन या इंजिनिअरने वर ओढली, आणि दोन हजार मीटरपेक्षा खोल पडलेल्या त्या केबलला प्राणी चिकटलेले निघाले, त्यात प्रवाळ होते जे केबलवरच धरून वाढले होते. आता केबलला घट्ट बसलेलं प्रवाळ वर येताना मधे अडकलं असं कसं म्हणणार? दुसरी गोष्ट जॉर्ज वॉलिच या डॉक्टरची. हा जन्माने कलकत्त्याचा, वडील तिथल्या बोटॅनिकल गार्डनचे प्रमुख, स्वतः हिंदुस्थानातल्या वैद्यकीय सेवेत काम केलेला. बुलडॉग जहाजावर उत्तर अटलांटिकमध्ये केबलसाठी तळ मोजताना १२६० वावांवरून त्याच्या दोरीला १३ तारामासे चिकटून आले. दोरीचा जो शेवटचा भाग तळावर पडून होता नेमका त्यालाच. वॉलिच तिथे थांबला नाही, त्यानं त्यांची पोटं फाडून बघितली तर आत तळाच्या चिखलात असतात तीच सूक्ष्म कवचं, ग्लोबिजेरिना नावाच्या एकपेशीय जिवांची. म्हणजे ते तळावर राहत होते आणि तळावरचंच खात होते. माझ्या मते खरा निकाल इथेच लागला. पण पुढे नाव झालं दुसऱ्यांचं आणि वॉलिच उरलेलं आयुष्य त्याबद्दल भांडत राहिला.

नॉर्वेत सार्स बापलेकांना लोफोटेन बेटांजवळ ३०० वावांच्या आसपास देठावर उभी राहणारी समुद्रकमळं जिवंत सापडली, असल्या प्राण्यांचे तोवर मुख्यतः जीवाश्मच माहीत होते. ते बघायला चार्ल्स वायव्हिल थॉमसन हा स्कॉटिश निसर्गशास्त्रज्ञ स्वतः नॉर्वेला गेला आणि परत येऊन आरमाराच्या मागे लागला. १८६८ मध्ये लाइटनिंग, १८६९-७० मध्ये पॉर्क्युपाइन ही जहाजं मिळाली, आणि पॉर्क्युपाइनने बिस्केच्या उपसागरात २४३५ वावांवरून जिवंत प्राणी काढले. मग आली चॅलेंजर, थॉमसनच्याच नेतृत्वाखाली समुद्राच्या अभ्यासाला सोडलेलं आरमाराचं जहाज. डिसेंबर १८७२ ला इंग्लंडहून निघाली, २४ मे १८७६ ला परत, ६८,८९० सागरी मैल, ३६२ ठिकाणी थांबून मोजमाप, साधारण ४,७०० नव्या जाती, आणि अहवालाचे ५० खंड जे छापून संपायला १८९५ उजाडलं!

आता माझा मुद्दा. ही गोष्ट सांगताना सगळे चॅलेंजरवर येऊन थांबतात. पण चॅलेंजर आपल्या समुद्रात आलीच नाही, ती केपटाऊनवरून खाली बर्फाकडे गेली आणि तिथून मेलबर्नला. हिंदी महासागराचा वरचा सगळा भाग, अरबी समुद्र, बंगालचा उपसागर, तिच्या नकाशावर कोरा राहिला. तो भरला कुणी? त्याची गोष्ट मराठीत कुठे वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा. ज्याला जे माहीत असेल ते भर घाला.

---

प्राची_वाचते

मस्त धागा! वॉलिचबद्दल पहिल्यांदाच वाचलं. एक शंका, दाबाचं काय? दर दहा मीटरला एक वातावरण एवढा दाब वाढतो म्हणतात, म्हणजे चार हजार मीटरवर चारशे पट. मग ते प्राणी चिरडत कसे नाहीत?

---

भूशास्त्री

प्राचीताई, चिरडायला आत पोकळी लागते. हवेनं भरलेलं काही शरीरात असेल तर ते दबतं, पण ज्याच्या आत सगळं पाणीच आहे त्याच्या आतला दाब आणि बाहेरचा दाब सारखाच. खरी अडचण फार खोलवर प्रथिनांची होते, दाबाने त्यांचा आकार बिघडतो. त्यावर समुद्रातल्या माशांनी एक रसायन धरलंय, टीएमएओ म्हणतात, ते प्रथिनं सांभाळतं आणि मासा जितका खोलातला तितकं ते अंगात जास्त. मासा शिळा झाला की जो वास मारतो तो हेच रसायन बॅक्टेरियांनी मोडल्यामुळे. तर हिशोब असा निघतो की ८,२०० ते ८,४०० मीटरच्या खाली माशाला एवढं टीएमएओ लागेल की अंगाबाहेरचं पाणीच आत घुसायला लागेल. २०२२ मध्ये जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत ८,३३६ मीटरवर मासा कॅमेऱ्यात आला, त्याच्यापेक्षा खोल अजून कुणी दाखवलेला नाही. म्हणजे रेघ मारायची फोर्ब्जची सवय चुकीची नव्हती, माशांपुरती अशी रेघ आज खरंच आहे.

आणि सागरगोटा, फोर्ब्जवर तुम्ही जरा अन्याय केलाय असं मला वाटतं. एजियन समुद्र मुळातच पोषणाला फार गरीब, वरच्या पाण्यातच काही पिकत नाही तर खाली काय पोचणार, शिवाय त्याचं ड्रेज लहान आणि पिशवीची भोकं चिखलाने लगेच बुजणारी. त्याला तिथे जे दिसलं ते बरोबरच होतं. माण तालुका बघून कुणी सगळ्या महाराष्ट्राचा पाऊस सांगावा तसं झालं एवढंच. समुद्राचे खोलीप्रमाणे पट्टे असतात आणि प्रत्येक पट्ट्यात वेगळी वस्ती असते हे नीट मांडलं ते त्यानंच, आणि ३९ व्या वर्षी गेला हो तो, १८५४ मध्ये, एडिनबरोला प्रोफेसर होऊन वर्षही झालं नव्हतं. केबल वर आली तेव्हा तो असता तर पहिला तोच धावत गेला असता असं मला मनापासून वाटतं.

---

सागरगोटा

भूशास्त्री, फोर्ब्जबद्दल मला आदरच आहे, पण माझी तक्रार त्याच्यावर नाहीच मुळी, त्याच्यानंतरच्या वीस वर्षांवर आहे. त्यानं अंदाज म्हणून सांगितलं होतं, इतरांनी त्याचा नियम केला. एकदा नियम झाला की रॉसचा तारामासा म्हणजे चूक, वॉलिचचे तारामासे म्हणजे शंकास्पद, आणि जे काही वर येईल त्याला आधी स्वतःचा खरेपणा सिद्ध करावा लागणार. टीएमएओचं मात्र फार आवडलं, धन्यवाद.

---

नाखवीण

मी अलिबागच्या बाजूची, आजा आणि बाबा दोघेही डोलीवर (प्रवाहात बांधून ठेवायचं पिशवीसारखं मोठं जाळं) जायचे. आमच्याकडे खोली अजूनही वावातच सांगतात त्यामुळे वरचं वाचताना काही अडलं नाही.

मला एक सांगायचंय. चॅलेंजरचं सगळे कौतुक करतात पण तो दोर ओढला कुणी? शास्त्रज्ञ होते सहा जण, एक चित्रकार धरून, आणि जहाजावर माणसं दोनशेच्या वर. अडीच हजार वावांवर ड्रेज सोडायचं म्हणजे सकाळी सोडलं तर हातात यायला संध्याकाळ, ओढायला वाफेचं छोटं इंजिन होतं पण ताण आला की दोर तुटायचा, कप्प्या निसटायच्या, मोहिमेच्या सुरुवातीलाच अशी एक कप्पी सुटून कोवळ्या वयाचा एक खलाशी जागीच गेला. आणि एवढं करून वर काय तर थंडगार चिखल. सुरुवातीला सगळं जहाज बघायला गोळा व्हायचं, नंतर शास्त्रज्ञ सोडले तर कुणी फिरकेना. ड्रेजिंगला खलाशी आपसात रखडपट्टी म्हणायला लागले होते. जोसेफ मॅट्किन नावाचा जहाजाच्या कोठारावर काम करणारा पोरगा होता त्याने घरी लिहिलेली पत्रं मागे राहिली म्हणून खालच्या डेकवरून ही मोहीम कशी दिसत होती ते थोडंफार कळतं.

डोलीचा खोला, म्हणजे जाळ्याची शेवटची पिशवी, सोडला की होडीत काय काय पडतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल मी काय म्हणते. जवळा, करंदी, बोंबील, मांदेली, त्यात खेकडे, जेलीमासे, कागदाचे कपटे, काड्या, आणि मधेच एखादं असं काही की ज्याला नाव कुणालाच माहीत नाही. निवडायला बसतात त्या बायका. बोटं इतकी पटापट चालतात की कुठली जात कुठल्या पाटीत ते बघायलाही लागत नाही, आणि वेगळं काही आलं की हात तिथेच थांबतो. आई एकदम म्हणायची, हे या दिवसांतलं नव्हं. कुठलं मावरं कधी येतं, कुठल्या उधाणाला येतं, हे सगळं डोक्यात. तर माझं म्हणणं एवढंच की नवी जात ओळखायला आधी जुन्या सगळ्या ओळखता याव्या लागतात, आणि ते काम किनाऱ्यावर शेकडो वर्षं चाललंय. इतिहासात ते येत नाही कारण ते कुणी लिहून ठेवलं नाही.

---

प्राची_वाचते

नाखवीणताई, "हात तिथेच थांबतो" हे वाचून अंगावर काटा आला. तुम्ही आईकडून ऐकलेलं सगळं लिहून काढाच, वेगळा धागा काढा पाहिजे तर.

---

जुनी_पानं

चॅलेंजरवरचा एक किस्सा राहिला तो सांगतो. १८६८ मध्ये थॉमस हक्सली या इंग्लिश जीवशास्त्रज्ञाने जुन्या बाटलीतल्या तळाच्या चिखलाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. हा चिखल १८५७ साली अटलांटिकमधून काढून अल्कोहोलमध्ये ठेवलेला होता. त्यात त्याला फेसाळ, चिकट, बारीक कणांचं जाळं दिसलं आणि त्याला वाटलं हा जीवनाचा सगळ्यात आदिम प्रकार, नुसता सजीव द्रव, ना आकार ना अवयव, सगळा समुद्रतळ याच्याच थराने झाकलेला असणार. नाव ठेवलं बॅथिबियस, जर्मन शास्त्रज्ञ हेकेलच्या सन्मानार्थ बॅथिबियस हेकेली. डार्विनचा ग्रंथ येऊन दहा वर्षंही झाली नव्हती, निर्जीव आणि सजीव यांच्या मधला दुवा सापडला म्हणून केवढा आनंद झाला असेल विचार करा.

चॅलेंजरने वर्षानुवर्षं ताजा चिखल काढला, त्यात बॅथिबियस कुठेच नाही. मात्र अल्कोहोल घातलेल्या बाटल्यांत हजर. शेवटी जहाजावरचा रसायनशास्त्रज्ञ बुकॅनन याने उलगडा केला, समुद्राच्या पाण्यात अल्कोहोल ओतलं की त्यातलं कॅल्शियम सल्फेट साका होऊन खाली बसतं, तोच हा आदिजीव. थॉमसनने हक्सलीला पत्राने कळवलं आणि हक्सलीने १८७५ मध्ये ते जाहीरपणे छापून मान्य केलं, एका दमात. हेकेलला मात्र सोडवेना, तो पुढे कित्येक वर्षं धरून बसला.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते बुकॅननचं काम. नव्या जातींची नावं ठेवणारे पुष्कळ, पण जे नाही ते नाही असं दाखवून देणाऱ्याचं नाव कुणाच्या लक्षात राहतं?

---

दोनापावला

सागरगोटा साहेब, तुमच्या मूळ प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. गोव्यात राहतो, समुद्रविज्ञानाच्या आसपास बरीच वर्षं काढली आहेत.

आपल्या समुद्राचा कोरा भाग भरायला पहिलं जहाज जे उभं राहिलं ते मुंबईच्या गोदीत बांधलेलं, इन्व्हेस्टिगेटर, १८८१ चं, लाकडी, दोन बाजूंना चाकं असलेली आगबोट. मुख्य काम नकाशे, कुठे खडक कुठे वाळूचा बांध, बंदरात शिरायची वाट कुठून. पण जहाजाच्या डॉक्टरची जागा अशी ठेवली होती की तो निसर्ग अभ्यासकही असावा, म्हणजे खलाशांचा ताप बघायचा आणि उरलेल्या वेळात ड्रेज आणि ट्रॉल (तळावरून ओढायचं मोठं जाळं). जाइल्स, मग १८८८ पासून आल्फ्रेड अल्कॉक, पुढे १९१० पासून सीमोर स्यूएल. ऑक्टोबर ते मे फिरायचं, पावसाळ्यात बंद. अल्कॉकने अंदमान, लक्षद्वीप, दोन्ही किनारे इथून खोल पाण्यातले मासे, खेकडे, कोळंब्या, प्रवाळ यांचे नमुने काढले, कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये ठेवले आणि पुढे तिथलाच प्रमुख झाला. १९०२ मध्ये त्याचं पुस्तक आलं ते अजून वाचनीय आहे. आपल्या खोल समुद्रातल्या कितीतरी जातींचं पहिलं वर्णन त्याचं आहे.

आता खरी गोष्ट. चॅलेंजरवर जॉन मरे म्हणून एक तरुण शास्त्रज्ञ होता, थॉमसन गेल्यावर ५० खंडांचं काम त्यानंच तडीस नेलं. जगभरातून येणारे खडक तपासता तपासता त्याच्या लक्षात आलं की हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर फॉस्फेट आहे. ब्रिटनने १८८८ मध्ये बेट ताब्यात घेतलं, मरेने कंपनी काढली आणि गडगंज झाला. तो म्हणायचा की ख्रिसमस बेटातून सरकारला जे मिळालं ते चॅलेंजरच्या सगळ्या खर्चापेक्षा जास्त आहे. १९१४ मध्ये तो मोटार अपघातात गेला, मागे समुद्रसंशोधनासाठी पैसा ठेवून. त्या पैशातून १९३३-३४ मध्ये मोहीम निघाली ती थेट आपल्या अरबी समुद्रात! जहाज इजिप्तचं, नाव मबाहिस, खलाशी बहुतेक इजिप्शियन, दोन इजिप्शियन शास्त्रज्ञ, अब्देल फत्ताह मोहम्मद आणि हुसेन फौझी, आणि नेता तोच इन्व्हेस्टिगेटरवरचा स्यूएल.

आणि या मोहिमेला काय सापडलं बघा. ओमान आणि अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ साधारण १०० ते १३०० मीटरच्या पट्ट्यात ट्रॉल टाकला की रिकामा. तळाचा चिखल हिरवट आणि सडक्या अंड्याचा वास, हायड्रोजन सल्फाइडचा. मोठे प्राणी जवळपास नाहीतच. आणि त्याहून खाली गेलं की पुन्हा जीव!

म्हणजे फोर्ब्जने ९० वर्षांपूर्वी जी निर्जीव खोली सांगितली होती ती जगभर नव्हती, पण तिच्यासारखं काहीतरी आपल्या दारात होतं, आणि कारण अंधार नाही, दाब नाही, तर प्राणवायू. अरबी समुद्र उत्तरेला जमिनीने बंद आहे, तिकडून थंड ताजं पाणी येत नाही. मोसमी वाऱ्यांनी खालचं खतावलेलं पाणी वर येतं, वर वनस्पती प्लवकांचं (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचं) भरघोस पीक येतं, ते मरून खाली सरकतं, कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. दीडशे मीटरपासून हजार-बाराशे मीटरपर्यंत जाडच्या जाड थर, जगातल्या सगळ्यात मोठ्या प्राणवायूविरहित पट्ट्यांपैकी एक.

---

भूशास्त्री

व्वा! हे मला माहीत नव्हतं. पण मग त्या थरात काहीच नाही का? ट्रॉल तळावरचं सांगतो, मधल्या पाण्याचं काय?

---

दोनापावला

मधल्या पाण्यात आहे ना. कंदीलमासे म्हणतात ते, बोटभर लांबीचे, पोटाला चमकणारे ठिपके. दिवसा त्या प्राणवायू जेमतेम असलेल्या थरात जाऊन गप बसतात कारण तिथे त्यांना खाणारे मोठे मासे येऊच शकत नाहीत, आणि अंधार पडला की वर येऊन चरतात. शिवाय बॅक्टेरिया, जे प्राणवायूऐवजी पाण्यातलं नायट्रेट वापरून श्वास घेतात.

आणि हे सगळं खोल समुद्रापुरतं नाही. पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोवा आणि कोकणच्या उथळ किनाऱ्यावरसुद्धा हे पाणी खालून सरकून येतं. वर नद्यांच्या आणि पावसाच्या गोड्या पाण्याचा हलका थर असतो, तो झाकण घातल्यासारखा बसतो आणि वरची हवा खाली मिसळू देत नाही. इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीजवळ १९९७ पासून एकाच जागी वर्षानुवर्षं मोजमाप चालवलं, आणि नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांचा २००० सालचा नेचरमधला लेख याच्यावरच आहे, किनाऱ्यालगतचं हे पाणी आणखी गुदमरत चाललंय आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हवेत जातोय. कारणांत आपल्या शेतातून वाहून जाणाऱ्या खतांचाही हात असावा असं ते मांडतात.

---

नाखवीण

दोनापावला दादा, हे वाचून एकदम डोक्यात उजेड पडला. नारळी पौर्णिमेनंतर जाळी टाकायला लागलं की काही वर्षी तळाजवळचं मावरं अचानक कमी आणि वरच्या पाण्यात कडेकडेने गर्दी, असं बाबा सांगायचे. त्यांचं स्पष्टीकरण असायचं की खालचं पाणी "मेलंय". हेच असेल असा दावा करत नाही पण विचारून बघेन नक्की, अजून दोन-तीन म्हातारे नाखवा आहेत गावात.

---

दोनापावला

ताई, नक्की विचारा, आणि कुठल्या महिन्यात, किती वावांवर, हेही. अशा आठवणी आणि ही मोजमापं शेजारी शेजारी ठेवून बघायला हवीत.

राहिलेला भाग पूर्ण करतो. स्वातंत्र्यानंतर १९५९ ते १९६५ आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली, कारण जगातला सगळ्यात कमी माहितीचा महासागर अजूनही हाच होता. वेगवेगळ्या देशांची चाळीसेक जहाजं. आपल्या आरमाराने आयएनएस किस्त्ना दिली, महायुद्धातली जुनी लढाऊ नौका. सगळ्या देशांनी प्लवक एकाच मापाच्या जाळ्याने, २०० मीटरपासून वर सरळ उभं ओढून गोळा करायचं ठरलं, म्हणजे तुलना करता येईल, आणि ते सगळे नमुने निवडायला कोचीला केंद्र काढलं. बाटलीतला तो राखाडी गाळ बशीत ओतायचा, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव सुईने बाजूला करायचा, कोपेपॉड इकडे, बाणकिडे तिकडे, माशांची अंडी वेगळी. मान आणि डोळे जातात या कामात. अशा ठिकाणी थोडा वेळ बसलोय, मला नाखवीणताईंच्या आईचे हात वाचून तेच आठवलं.

त्या मोहिमेच्या शेवटी १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, पहिले संचालक डॉ. एन. के. पणिक्कर, मोहिमेतला भारताचा भाग त्यांनीच चालवला होता. पुढे मुक्काम गोव्यात, दोनापावलाला. आणि पहिलं स्वतःचं संशोधन जहाज गवेषणी, १९७६. गाळ वाहून नेणाऱ्या बार्जमध्ये फेरफार करून बनवलेलं होतं ते.

---

चार्ल्सनदीकाठी

बॉस्टनहून लिहितोय. फार सुंदर चर्चा. माझ्याकडून १९७७ ची भर, कारण सागरगोटांच्या मूळ प्रश्नातला "खाणार काय" हा भाग तिथे सुटला.

इथून दोन तासांवर वुड्स होल आहे, आल्विन ही पाणबुडी तिथली. फेब्रुवारी १९७७ मध्ये ती गॅलापागोसजवळ होती, भूशास्त्रज्ञ समुद्रतळावरचे गरम झरे शोधत होते, भूखंड सरकतात या सिद्धांतानुसार ते असायला हवे होते. आधी कॅमेऱ्याची गाडी तळावरून ओढली, साधारण तीन हजार फोटो निघाले, सगळे काळ्या लाव्ह्याचे, फक्त १३ फोटोंत शिंपलेच शिंपले, आणि नेमकं त्याच क्षणी तापमान वाढलेलं. १७ तारखेला जॅक कॉर्लिस आणि त्येर्ड व्हॅन अँडेल खाली गेले, अडीच हजार मीटरवर, आणि कॉर्लिसने फोनवर वरच्या विद्यार्थिनीला विचारलं की खोल समुद्र वाळवंटासारखा असायला हवा ना? ती हो म्हणाली. तो म्हणाला, इथे तर सगळीकडे प्राणी आहेत!

जहाजावर एकही जीवशास्त्रज्ञ नाही. फॉर्मॅलिन थोडंसंच, संपलं तेव्हा नमुने पनामात घेतलेल्या रशियन व्होडकात ठेवले. त्यात दोन मीटरपर्यंत वाढणारे नळीतले किडे होते, ज्यांना तोंडही नाही आणि आतडंही नाही. मग जगतात कशावर? १९८० मध्ये हार्वर्डमध्ये मेरेडिथ जोन्सचं या किड्यांवर व्याख्यान चाललं होतं, त्याने सांगितलं की यांच्या शरीरात गंधकाचे खडे सापडतात, आणि कॉलीन कॅव्हनॉ ही विद्यार्थिनी मधेच उभी राहिली की मग यांच्या आत गंधकावर जगणारे बॅक्टेरिया असणार! आणि तसंच निघालं. हायड्रोजन सल्फाइड, जे मबाहिसच्या चिखलात मृत्यूची खूण होतं, तेच इथे सगळ्या वस्तीचं अन्न. सूर्यप्रकाशाशिवाय अन्न तयार होतं हे तोवर कुणी इतक्या मोठ्या प्रमाणावर बघितलं नव्हतं.

हिंदी महासागरातले असे झरे पहिल्यांदा २००० मध्ये जपानी शास्त्रज्ञांना प्रत्यक्ष दिसले, कैरेई म्हणतात त्या जागेला. तिथली खवल्या पायांची गोगलगाय अंगावर लोहाच्या सल्फाइडचं चिलखत घालते. २०१९ मध्ये तिला धोक्यातल्या जातींच्या यादीत टाकलं, कारण खोल समुद्रातली खाणकामं. त्या कारणासाठी यादीत गेलेली ती पहिलीच.

---

जुनी_पानं

खाणकामाचा विषय निघालाच आहे तर हाही इतिहासच आहे. चॅलेंजरच्या ड्रेजमध्ये फेब्रुवारी १८७३ मध्ये अटलांटिकमधून काळे, बटाट्याएवढे गोळे आले, बुकॅननने तपासले तर मँगनीज. आज त्यांच्यात निकेल, कोबाल्ट, तांबं आहे म्हणून सगळ्यांची नजर तिकडे. २६ जानेवारी १९८१ ला गवेषणीने असे पहिले गोळे काढले, आणि मध्य हिंदी महासागरात भारताकडे ७५,००० चौरस किलोमीटरचा पट्टा शोधासाठी राखून ठेवलेला आहे. एवढासा गोळा व्हायला लाखो वर्षं लागतात आणि त्याच्यावर चिकटून राहणारे जीव दुसरीकडे कुठे बसणार, खाली सगळा मऊ चिखल.

---

भूशास्त्री

त्या पट्ट्यातले जीव आधी नीट मोजून, नावं देऊन होऊ देत एवढीच माझी अपेक्षा. खनिजं पळून जात नाहीत. नाहीतर पुन्हा "तिथे काय आहे, चिखलच तर आहे" असं म्हणायचं आणि पुढे जायचं, फोर्ब्जच्या काळासारखं.

---

प्राची_वाचते

हे सगळं वाचून कुठे बघायला मिळेल असं वाटतंय. अल्कॉकचे नमुने अजून आहेत का? आणि चॅलेंजरचे खंड?

---

सागरगोटा

प्राची, चॅलेंजरचे सगळे खंड स्कॅन करून जालावर फुकट उपलब्ध आहेत, चित्रांच्या प्लेट्स तर आधी बघ, विशेषतः हेकेलने काढलेल्या रेडिओलारिया या सूक्ष्म एकपेशीय जिवांच्या. अल्कॉकचं पुस्तकही तसंच मिळतं. इन्व्हेस्टिगेटरचे नमुने कलकत्त्याला इंडियन म्युझियममध्ये गेले, १९१६ मध्ये झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया निघाला तेव्हा तो संग्रह त्यांच्याकडे आला, त्यातल्या बऱ्याच बाटल्यांवरूनच त्या त्या जातीचं पहिलं वर्णन झालंय त्यामुळे आजही एखादी जात पक्की करायची तर तिकडेच जावं लागतं.

दोनापावला, मबाहिसबद्दल तुम्ही स्वतंत्र लेख लिहा ही आग्रहाची विनंती, त्या दोन इजिप्शियन शास्त्रज्ञांबद्दलही. आणि नाखवीणताई, गावातल्या नाखवांशी बोलणं झालं की याच धाग्यावर टाका, मी वर काढून ठेवीन.